पारा सांडला? आधी हातातला झाडू खाली ठेवा

वर्तमानपत्राचा कोन करायचा, टोकाला टाचणीने बारीक भोक पाडायचं आणि काळपट पडलेला पारा त्यात ओतायचा. खालनं चकचकीत थेंब वाटीत टपटप पडतात आणि काळी साय वर कागदाला चिकटून राहते. मिरजेत बीपीची पाऱ्याची मशिनं रिपेर करायला शिकलो तेव्हा माझं पहिलं काम हेच. हातमोजे नाहीत, मास्क नाही, शेजारी चहाचा ग्लास, आणि वाऱ्याने कागद हलतो म्हणून अण्णा (आमचे उस्ताद) फॅन बंद करून खिडकी लावून घ्यायला सांगायचे. म्हंजे जे जे करू नये ते सगळं एका टेबलावर. आज कुणी मला असं करताना दिसलं तर मी आधी खिडकी उघडेन आणि मग बोलेन.

नवीन पोरगा आला की अण्णा त्याला पाव लिटरची पाऱ्याची बाटली आणायला सांगायचे. पोरगं दोन बोटांनी उचलायला जायचं आणि बाटली जागची हलायची नाही, मग सगळे हसणार. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, पाव लिटर म्हणजे जवळजवळ साडेतीन किलो. असा जड, चमकणारा, हातावर घेतला तर पळणारा, हात ओला न करणारा धातू बघितला की कुणालाही खेळावंसं वाटतं, आणि घोटाळा तिथेच आहे कारण आपण सगळी भीती त्या दिसणाऱ्या थेंबाची बाळगतो. थेंब तसा फार त्रास देत नाही. त्रास देते ती त्याच्यावरून सतत उठणारी वाफ, जी दिसत नाही, वास येत नाही, घशाला खवखवत पण नाही.

आता कुणी म्हणेल पारा उकळतो ३५७ अंशाला, आपल्या दुकानात कुठली आलीय वाफ. पण दोरीवरचे कपडे काय १०० अंशाला उकळून वाळतात काय? पारा तसाच 'वाळत' असतो, फक्त खूप हळू. खोली गच्च बंद ठेवली आणि आत पारा उघडा ठेवला तर २० अंश तापमानाला एक घनमीटर हवेत साधारण १३ मिलिग्रॅम पारा मावतो. ३० अंशाला तो आकडा दुपटीच्या वर जातो आणि ४० अंशाला साठच्या पुढे. म्हंजे दर दहा अंशाला दुप्पट धरा ढोबळमानाने. आणि आपल्याकडे कामाच्या जागी आठ तासांच्या सरासरीने किती चालतो, तर १९४८ च्या कारखाने कायद्याच्या यादीत पाऱ्याच्या वाफेला घनमीटरला ०.०५ मिलिग्रॅम लिहिलेलं, अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यवाल्यांची शिफारस त्याच्याही निम्मी, ०.०२५. युरोपातल्या थंड खोलीचा हिशोब वेगळा, चंद्रपूरच्या मे महिन्यातल्या पत्र्याच्या शेडचा वेगळा, हे लक्षात घ्या.

अजून एक हिशोब करू. दहा बाय दहाची खोली, उंची पण दहा फूट, म्हणजे साधारण २८ घनमीटर हवा. ती सगळी हवा ०.०५ च्या मर्यादेला न्यायला पारा लागतो किती? दीड मिलिग्रॅम पण नाही. तापाच्या एका थर्मामीटरमध्ये साधारण एक ग्रॅमच्या आसपास पारा असतो, म्हंजे हजार मिलिग्रॅम. बीपीच्या मशिनमध्ये शंभर ग्रॅमच्या आसपास.

थांबा, घाबरू नका लगेच. सगळा पारा एकदम हवेत जात नाही, हवा खेळती असते, वाफ बाहेर जाते. घरात एक थर्मामीटर फुटला, खिडक्या उघडल्या, तासाभरात नीट गोळा केला तर कुणाला काही होत नाही. प्रश्न येतो तो जिथे रोज थोडा थोडा सांडतो, फटीत जातो, कुणी काढत नाही आणि माणसं तिथे दिवसाचे आठ-नऊ तास वर्षानुवर्षं बसतात. म्हणून हा घरापेक्षा कामाच्या जागेचा विषय आहे.

आता झाडू. एक सेंटिमीटर व्यासाचा थेंब घ्या, सात ग्रॅमचा. त्याच्यावर झाडू मारला आणि त्याच्या एक एक मिलिमीटरच्या गोळ्या झाल्या तर त्या होतात हजार. पारा तेवढाच, पण हवेला उघडं पडलेलं अंग दहापट, म्हणजे वाफही दहापट वेगाने. वर त्यातल्या अर्ध्या कपाटाखाली जाणार, काही झाडूच्या काड्यांत बसणार आणि तोच झाडू मग दुसऱ्या खोलीत फिरणार. व्हॅक्युम क्लीनर तर त्याहून वाईट, तो पारा आत ओढतो, गरम मोटरवरून फिरवतो आणि मागच्या जाळीतून वाफ करून खोलीत सोडतो, ते मशिन कायमचं वाया जातं. सांडण्यापेक्षा साफ करण्याच्या पद्धतीनेच नुकसान जास्त होतं हे मी इतक्या ठिकाणी बघितलंय की आता कुठेही गेलो की पहिलं वाक्य हेच असतं.

शरीरात जातो कसा ते जरा नीट बघू कारण इथे बहुतेकांचा अंदाज उलटा असतो. मला वर्षातून दोनतीन फोन येतात की पोराने थर्मामीटर चावला, पारा पोटात गेला, आता काय. धातूचा पारा गिळला तर आतड्यातून रक्तात जातो तो दहा हजारात एक भागापेक्षाही कमी, बाकी सगळा शौचावाटे निघून जातो. काचेची काळजी जास्त करा, उलटी करायला लावू नका, डॉक्टरला दाखवा. पण तोच पारा वाफ होऊन नाकातून गेला तर फुप्फुसं त्यातला ८० टक्के ठेवून घेतात. गिळला तर बाहेर, हुंगला तर आत.

आत गेल्यावर काय करतो? वाफेतला पारा विद्युतभार नसलेला असतो, चरबीत विरघळतो, त्यामुळे मेंदूभोवतीची जी गाळणी आहे ती पार करतो, आणि गरोदर बाईच्या वारेतून बाळापर्यंतही पोचतो. पेशीत शिरला की तिथे त्याचं रूप बदलतं, त्याला भार येतो, आणि मग त्याला परत बाहेर पडता येत नाही. कणगीत बारीक भोकातून उंदीर शिरतो, धान्य खाऊन फुगतो आणि मग त्याच भोकातून निघता येत नाही, तसं. आणि आत बसून तो प्रथिनांमधल्या गंधकाला चिकटतो, म्हणजे पेशीची जी कामाची हत्यारं आहेत त्यांनाच मिठी मारतो. सगळ्यात जास्त साठतो मूत्रपिंडात. शरीरातला निम्मा पारा बाहेर जायला साधारण दोन महिने लागतात, त्यामुळे रोज थोडा थोडा जाणारा माणूस दर दिवशी थोडी शिल्लक टाकत असतो.

लक्षणं अशी येतात की कुणाला पाऱ्याचा संशय येणार नाही. हिरड्या सुजतात, तोंडात तांब्याच्या भांड्यातलं आंबट चाखल्यासारखी चव, लाळ जास्त सुटते. बोटांना, पापण्यांना, ओठांना बारीक कंप. आणि स्वभाव बदलतो, हे फार विचित्र आहे, चारचौघात बोलणारा माणूस बुजरा होतो, कुणी बघत असलं की हात जास्त थरथरतो, झोप येत नाही, विसरायला होतं, उगाच चिडतो. लघवीतून प्रथिनं जायला लागतात. घरचे म्हणतात ह्याचं डोकं फिरलंय, किंवा दारू लागलीय. पूर्वी युरोप-अमेरिकेत टोप्या बनवणारे कारागीर सशाच्या कातड्याचे केस एकमेकांत घट्ट बसावेत म्हणून पाऱ्याचं नायट्रेट लावायचे आणि मग त्याच बंद खोल्यांत वाफेवर काम करायचे. अमेरिकेत कनेटिकट राज्यात डॅनबरी नावाचं टोप्यांचं गाव होतं, तिथल्या कामगारांच्या थरथरीला लोकांनी गावाचंच नाव दिलेलं, डॅनबरीची थरथर. १९४१ मध्ये तिथे टोप्यांसाठी पारा वापरणं बंद झालं. इंग्रजीत वेड्याला टोपीवाल्याची उपमा देतात, तिची नाळ बरेच जण या टोपीवाल्यांशी जोडतात.

कंप ओळखायची एक साधी खूण सांगतो. मस्टरवरच्या सह्या. पाच वर्षांपूर्वीची सही आणि आजची सही शेजारी ठेवून बघा, अक्षराच्या गोलाईत दातेरी कडा यायला लागली असेल तर तपासणी करायला पाठवा. अण्णांची बशी शेवटी शेवटी चहा पिताना कपाला वाजायची. आम्ही म्हणायचो वय झालं. पारा होता की वय होतं ते आता कुणीच सांगू शकणार नाही कारण त्यांची लघवीची तपासणी कधी केलीच नाही, आणि माझी पण पहिली तपासणी हे काम करायला लागल्यावर अकरा वर्षांनी झाली.

इथे एक गोष्ट पटकन. पारा एक नाही, तीन आहेत. धातूचा पारा, ज्याच्याबद्दल आपण बोलतोय. पाऱ्याचे क्षार, जे पोटातून जातात आणि मूत्रपिंडाला मारतात, गोरं करणाऱ्या काही चोरट्या क्रीममध्ये सापडतात ते हे. आणि सेंद्रिय पारा, तो सगळ्यात भयानक. जपानमध्ये मिनामाता गावात चिस्सो कंपनीचं सांडपाणी खाडीत जायचं, त्यातला मिथाइल मर्क्युरी माशांत साठला आणि मासे खाणारी माणसं, मांजरंसुद्धा, लुळी पडली, १९५६ मध्ये तो आजार अधिकृतपणे नोंदला गेला. आणि १९९६ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या प्राध्यापक कॅरेन वेटरहान यांच्या लॅटेक्सच्या हातमोज्यावर डायमिथाइल मर्क्युरीचे एकदोन थेंब पडले, ते हातमोज्यातून आरपार गेले, काही महिन्यांनी तोल जायला लागला, जून १९९७ मध्ये त्या गेल्या. तो पदार्थ तुमच्या-माझ्या दुकानात येत नाही, पण 'हातमोजे घातलेत ना मग झालं' असं कुणी म्हणालं की मला ती बाई आठवते. कुठला हातमोजा कशाला चालतो हे बघावं लागतं.

आता आपल्या देशातली सगळ्यात मोठी गोष्ट, कोडाईकनालची. लोक तिथे हनिमूनला जातात, तलावात बोट चालवतात, आणि तिथेच डोंगरावर, पांबार शोला जंगलाच्या कडेला, थर्मामीटरचा मोठा कारखाना होता. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात वॉटरटाउनला चाललेला कारखाना तिथून उचलून १९८३-८४ च्या सुमारास पॉण्ड्सच्या कंपनीने इथे आणला, पुढे ती कंपनी युनिलिव्हरकडे गेली तसा हा कारखाना हिंदुस्तान लिव्हरकडे आला. पारा बाहेरून यायचा, काच बाहेरून यायची, तयार थर्मामीटर परत बाहेर जायचे. इथे राहायचं काय, तर फुटकी काच आणि हवा.

थर्मामीटर बनवण्यात पारा भरणं, नळी तापवणं, जादा पारा काढणं, टोक बंद करणं अशी कामं असतात आणि प्रत्येक ठिकाणी उष्णता आणि उघडा पारा एकत्र येतात. तिथले जुने कामगार सांगत होते की आम्हाला ह्याचा धोका कुणी नीट सांगितला नाही, पुरेशी साधनं दिली नाहीत. कंपनी शेवटपर्यंत म्हणत राहिली की आमच्या तपासण्यांमध्ये पाऱ्यामुळे कुणाची तब्येत बिघडल्याचं आढळलं नाही. फुटलं कुठे, तर भंगाराच्या दुकानात. मार्च २००१ मध्ये गावातल्या लोकांनी आणि पर्यावरणवाल्यांनी मुंजिक्कल भागातल्या भंगारवाल्याकडे पारा लागलेली ७.४ टन फुटकी काच शोधून काढली. भर वस्तीत. त्याच महिन्यात कारखाना बंद झाला. २००३ मध्ये सुमारे २९० टन पारायुक्त कचरा बोटीने अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाला रिसायकलिंगसाठी पाठवला, म्हणजे पारा आला तिथेच परत गेला, फक्त माणसं इथेच राहिली. कामगारांची लढाई पंधरा वर्षं चालली आणि मार्च २०१६ मध्ये ५९१ माजी कामगारांशी कंपनीने तडजोड केली. कारखान्याच्या मातीत किती पारा ठेवला तर चालेल, किलोला २० मिलिग्रॅम की त्याहून कमी, हा वाद त्यानंतरही चालूच होता.

मला या गोष्टीतला भंगारवाला जास्त टोचतो. कारखान्यात निदान पारा आहे हे माहीत असतं, त्या भंगारवाल्याला ती फक्त काच होती. आपल्याकडे ट्यूबलाइट आणि सीएफएल फोडून टोपणाचं ॲल्युमिनियम वेगळं करणारी पोरं असतात, एका दिव्यात जेमतेम काही मिलिग्रॅम पारा असतो हे खरं, पण दिवसाला शंभर-दोनशे नळ्या एका बोळात फोडल्या तर तो हिशोब घरातल्या एका दिव्याचा राहत नाही.

आणि झारेकरी. सोनाराच्या दुकानातली झाडलोट, राख, गटारातली माती विकत घेऊन धुणारे लोक, सराफकट्टा आहे तिथे हे आसपास असतातच. धुतलेल्या मातीत पारा टाकला की तो सोन्याचे बारीक कण धरून गोळा करतो, मग कापडातून पिळायचं, आणि उरलेला गोळा तापवायचा की पारा उडून जातो आणि सोनं खाली राहतं. 'उडून जातो' हे शब्द लक्षात घ्या, तो जातो कुठे, फुंकणाऱ्याच्या नाकात. पारा तापवणं हे या सगळ्या विषयातलं सगळ्यात जीवघेणं काम आहे, कारण मघाशी सांगितलेलं हळूहळू साठणं वगैरे इथे होत नाही, काही तासांत छाती भरते, ताप, धाप, आणि फुप्फुसाला सूज. १९८९ मध्ये अमेरिकेत मिशिगनमधल्या लिंकन पार्क गावात घरच्या घरी दाताच्या अमाल्गमपासून (दातात भरायचं चांदी-पाऱ्याचं मिश्रण) चांदी काढायचा प्रयत्न झाला आणि त्या घरातली चारही मोठी माणसं गेली. चूल उघड्यावर असली तरी वाऱ्याच्या दिशेकडे पाठ करून उभं राहणं पुरेसं नाही, पाऱ्याची वाफ परत थंड करून धरणारं झाकणबंद भांडं लागतं, रिटॉर्ट म्हणतात त्याला, आणि ते वापरलं तर पाराही वाचतो, हा मुद्दा झारेकऱ्यांना लवकर पटतो.

दाताच्या दवाखान्यात चांदी भरायची म्हणतात त्या मिश्रणात वजनाने निम्मा पारा असतो. जुने डॉक्टर खलबत्त्यात घोटून तळहातावर मळायचे आणि कापडात धरून जादा पारा पिळून काढायचे, मी बघितलंय. आता तयार कॅप्सूल येते, ती वापरा. उरलेले तुकडे झाकणबंद बरणीत ठेवा, आणि चांदी भरलेले काढलेले दात ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने जंतू मारायचं मशिन) किंवा जाळायच्या पिवळ्या पिशवीत टाकू नका, तापलं की पुन्हा तीच वाफ. कॉलेजांच्या फिजिक्स लॅबमध्ये भिंतीवर हवेचा दाब मोजायचा फोर्टिनचा बॅरोमीटर लटकलेला असतो, त्याच्या खालच्या चामड्याच्या पिशवीतून पारा पाझरतो, खाली फळीवर बारीक मणी दिसतायत का ते बघा एकदा.

मघाशी साफ कसं करायचं ते अर्धवट सोडलं. एका हॉस्पिटलमध्ये (नाव राहू दे) मी मशिन तपासायला गेलो होतो, वॉर्डात बीपीचं मशिन स्टँडवरून पडलं आणि काचेची नळी फुटली, फरशीवर पारा सगळीकडे. मावशी झाडू घेऊन आल्या. एक सिस्टर खाली वाकून हाताने गोळा करायला लागल्या, मंगळसूत्र लोंबत होतं, त्याच्या वाट्या फरशीवरच्या पाऱ्याला टेकल्या. वर आल्या तेव्हा एक वाटी चांदीसारखी पांढरी. सोन्याला पारा लागला की तो त्यात मुरतो. त्या रडायलाच लागल्या, आणि पुढची चूक मी कशीबशी थांबवली कारण कुणीतरी म्हणालं सोनाराकडे न्या, तो जरा तापवला की पिवळं होतं. होतं खरं पिवळं, पण त्या सोनाराच्या नाकाचं काय. सोनाराला आधी स्पष्ट सांगा की पारा लागलाय, मग तो काय करायचं ते त्याच्या धुराड्याखाली करेल. तर पहिली गोष्ट, अंगठ्या, बांगड्या, मंगळसूत्र, घड्याळ आधी काढून ठेवायचं.

मग पेशंट आणि बाकी माणसं बाहेर, गरोदर सिस्टर असेल तर तिला त्या मजल्यावरच नको. बाहेरच्या खिडक्या उघडायच्या, कॉरिडॉरकडचा दरवाजा लावायचा, एसी आणि पंखा बंद. ज्याच्या चपलेला लागलाय त्याने तिथेच चप्पल काढायची, नाहीतर तो पारा लिफ्टपर्यंत जातो. नायट्रिलचे हातमोजे. साधा मास्क किंवा एन-९५ पाऱ्याची वाफ अडवत नाही, तो धुळीसाठी आहे, वाफेसाठी पाऱ्याचाच असं लिहिलेलं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो, आणि मोठी गळती असेल तर तो नसलेल्या माणसाने आत जाऊ नये. जुन्या एक्स-रे फिल्मचे किंवा लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्याचे दोन तुकडे घ्यायचे, कडेकडून मध्ये ढकलत यायचं, थेंब एकमेकांना भेटले की आपणहून एक होतात, हे बघायला मजा येते खरं सांगायचं तर. मोठा थेंब सुई काढलेल्या सिरिंजने ओढून घ्यायचा आणि तळाशी थोडं पाणी असलेल्या प्लॅस्टिकच्या जाड बाटलीत सोडायचा, पाणी वर राहतं आणि वाफ अडवतं. बारीक मणी चिकटपट्टीला उचलून येतात. मग दिवे बंद करून टॉर्च फरशीवर आडवी धरायची, उभी नाही, आडवी, म्हणजे राहिलेले मणी चांदण्यांसारखे चमकतात आणि आपल्याला वाटतं तेवढी फरशी साफ झालेली नसते हे कळतं. फटीतून निघणार नाही तिथे गंधकाची पूड भुरभुरायची, ती पाऱ्यावर पापुद्रा धरते आणि वाफ कमी करते, पण त्याला वेळ लागतो आणि गंधक टाकला म्हणजे पारा संपला असं नाही. बेसिनमध्ये, मोरीत, संडासात काही ओतायचं नाही, जाळीखालच्या वाकड्या पाइपात तो वर्षानुवर्षं बसतो. पारा लागलेला सतरंजीचा किंवा गादीचा तुकडा धुवायला टाकायचा नाही, कापून पिशवीत बंद.

बाटली ॲल्युमिनियमच्या डब्यात ठेवू नका, पारा ॲल्युमिनियम खातो, म्हणून तर विमानात न्यायला इतकी आडकाठी. वर चिठ्ठी, पारा, तारीख, कुठून आला. आणि द्यायचा कुणाला, तर नेहमीच्या कचऱ्याच्या गाडीला नाही आणि पिवळ्या पिशवीत तर मुळीच नाही. तो घातक कचरा धरतात, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीच्या एजन्सीमार्फत जातो, आपल्या राज्यात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे असा कचरा घेणारी केंद्रं आहेत. एकट्या छोट्या दवाखान्याला हे जड जातं हे मला मान्य, म्हणून तालुक्यातल्या चारपाच जणांनी बाटल्या साठवून एकदम पाठवायच्या.

रोज पाऱ्याशी काम असेल तर तपासणी लघवीची करा, रक्त अलीकडचं सांगतं, लघवी जुनं साठलेलं सांगते. तपासणीच्या आदल्या दोनतीन दिवसांत मासे खाल्ले तर रक्ताचा आकडा चढतो, माशात सेंद्रिय पारा असतो, कोकणातल्या माणसाने हे लॅबला सांगावं. पाऱ्याची विषबाधा कायद्याने कळवायच्या आजारांच्या यादीत आहे, म्हणजे डॉक्टरला असा पेशंट आढळला तर त्याने सरकारला कळवायचं असतं, बऱ्याच डॉक्टरांना हे आठवत नाही, तुम्ही आठवण करून द्या. औषधं आहेत, शरीरातला पारा धरून लघवीवाटे काढणारी, पण त्या जागेवरून माणूस हलवला नाही तर औषध म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं.

आणि खरं औषध म्हणजे पारा न वापरणं. मिनामाताच्या नावाने २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला, भारताने तो २०१८ मध्ये मंजूर केला, पाऱ्याचे थर्मामीटर आणि बीपी मशिन बनवण्यावर त्यात २०२० ची मुदत घातलेली, काही देशांनी सवलत मागून ती पुढे नेली. डॉक्टर लोक मला अजून म्हणतात डिजिटल खोटं दाखवतं. दर वर्षी कॅलिब्रेट केलं नाही, म्हंजे माप तपासून जुळवून घेतलं नाही, तर दाखवतंच, पण पाऱ्याचं मशिन तरी तुम्ही कुठे दर वर्षी आणत होता माझ्याकडे.

अण्णा गेल्यावर दुकानाची जागा मालकाने एका टेलरला द्यायची ठरवली. चावी द्यायच्या आदल्या रात्री मी आणि अण्णांचा मुलगा तिथे गेलो, सगळं सामान हललेलं, जागा धुऊन घेतलेली, एकदम लख्ख. दिवा घालवला आणि टॉर्च आडवी धरली. टेबल जिथे असायचं तिथल्या दोन शहाबादी फरश्यांच्या सांध्यात वीतभर लांबीची चमकणारी रेघ होती. दुसऱ्या दिवशी मालकाला सांगून सहा फरश्या उचलल्या, खालची माती चार इंच खरवडली, जाड डब्यांत भरून चिठ्ठ्या लावल्या. टेलरला जागा दीड महिना उशिरा मिळाली, त्याने आम्हाला शिव्या घातल्या, त्याची पाच वर्षांची पोरगी दुपारी त्याच कोपऱ्यात झोपणार होती हे त्याने त्या शिव्यांमध्येच सांगितलं.